शेजारच्या सीटचा ब्रेक

ब्रेक बनवणाऱ्या माणसाला गाडी चालवता येत नाही असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण स्टुटगार्टमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं एक स्वरूपाच्या घरी होतं. तिचा नवरा हृषिकेश गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं इंजिनियर होता. सांगलीत त्याच्या वडिलांचं, प्रतापरावांचं, मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धी सांगली आपल्या हाताखाली क्लच सोडायला शिकली असं ते स्वतःच सांगत असत. असा हा दोन्हीकडून गाडीतच वाढलेला माणूस जर्मनीच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा आपटला होता.

भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चालतं. मग पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा प्रत्यक्ष गाडीवर. हृषिकेशने ही कटकट सहा वर्षं टाळली. विचारलं की म्हणायचा, एस-बानची लोकल आहे की दारात. पण या मे महिन्यात आईवडील पहिल्यांदाच येणार होते, आणि प्रतापरावांचा मुलगा त्यांना ट्रेनने फिरवतोय हे काही बरं दिसलं नसतं.

पहिल्या वेळी, फेब्रुवारीत, उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं हे तो विसरला. विसरला म्हणजे काय, आपण आलो की समोरच्याने थांबायचं असतं या जन्मजात समजुतीवर तो पुढे गेला. परीक्षकाने आठव्या मिनिटाला गाडी बाजूला घ्यायला लावली. घरी येऊन त्याने सांगितलं की या शहरातले रस्तेच फार चढउताराचे आहेत. नाचता येईना अंगण वाकडं.

त्यानंतर आठ दिवस घरात सुतक होतं. साहेब बोलत नव्हते, धड जेवत नव्हते, सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडत होते. स्वरूपाने त्याच्या आवडीची भरली वांगी केली, टीव्हीचा आवाज कमी ठेवला, आणि सहा वर्षांच्या निधीला सांगितलं की बाबाला बरं नाही. निधीला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं ती जर्मनमधूनच देते. ती सोफ्याजवळ गेली आणि तिने विचारलं, "पापा, वो टुट्स वे?" कुठे दुखतंय? त्याचं उत्तर घरात कुणालाच देता आलं नाही.

दुसऱ्या वेळी तो नापास झाला तो गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा दोष रस्त्याचा नव्हता. परीक्षक वर्णद्वेषी होता. आपला रंग बघूनच त्याने ठरवलं होतं म्हणे. असेलही एखादा तसा, नाही कशाला म्हणा. पण लेन बदलताना खांद्यावरून मागे वळून बघितलं का, असं स्वरूपाने विचारलं, तेव्हा आरशात सगळं दिसतं, मान कशाला मोडायची, असं त्याने तिलाच सुनावलं.

स्वरूपाला खांद्यावरून मागे बघायचं माहीत होतं, कारण दोनच दिवसांपूर्वी ती स्वतः पास झाली होती. पहिल्याच फटक्यात. हे तिने घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ती शिकली ती वरच्या मजल्यावरच्या अफियाकडे. अफिया ड्रायव्हिंग शिकवायची. आईवडील घानाचे, पण ती जन्मली स्टुटगार्टमध्ये आणि बोलायची अस्सल श्वाबी वळणाचं जर्मन, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांसारखं. स्वरूपा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तिच्या गाडीत बसायची. हृषिकेशने मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा धरली होती. शेजाऱ्यांशी असे व्यवहार नकोत, असं त्याने कारण सांगितलं. खरं कारण म्हणजे शिकवणारी बाई होती, आणि वर काळी होती. दोन्ही एकाच वेळी पचवण्याइतकं त्याचं पोट मोठं नव्हतं.

स्वरूपा पास झाली तेव्हा परीक्षकाने तिथल्या तिथे तिचं पुण्याचं लायसन्स काढून घेतलं आणि नवं जर्मन कार्ड तिच्या हातावर ठेवलं. जुनं द्या, नवं घ्या, की काम संपलं. पाडव्याला श्रीखंडाच्या वाटीबरोबर ते हृषिकेशपुढे ठेवायचं असं तिच्या मनात होतं. पण पाडव्याला तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. तिने कार्ड साबुदाण्याच्या डब्याखाली सरकवलं आणि श्रीखंड निधीला दिलं.

नंतर स्वरूपाला आपल्या या लपवण्याची नवऱ्याच्या खोटेपणाइतकीच चीड यायची. बायको पास झाली म्हणून जो माणूस मोडेल असं आपल्याला वाटतं, त्याच्याबद्दल आपल्या मनात नेमकं काय आहे, हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं. विचारलं असतं तर सरळ उत्तर आलं असतं. तिला त्याची कीव येत होती, आणि कीव लपवायला ती भरली वांगी करत होती.

अफियाच्या नवऱ्याचं नाव क्वाकू. उंच, रुंद, दारातून आत येताना मान वाकवणारा माणूस. तो एकोणिसाव्या वर्षी घानातल्या कुमासीहून इथे आला. जिन्याची झाडलोट करायची पाळी दर आठवड्याला एकेका घरावर येते. या पाळीची, केअरवोखेची, पाटी त्यांच्या दारावर अडकली की बादली घेऊन क्वाकूच उतरायचा. हृषिकेशच्या दारावर पाटी आली की स्वरूपा उतरायची. शिवाय अफिया आणि क्वाकूची एक वेगळीच रीत होती. दर रविवारी संध्याकाळी दोघं खाली उभ्या असलेल्या, अफियाच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत जाऊन बसायचे. तो चालवणाऱ्याच्या जागी, ती शेजारी शिकवणाऱ्याच्या जागी, जिथे पायाशी वेगळा ब्रेक असतो. गाडी कुठेच जायची नाही. तासाभराने दोघं उतरून वर यायचे.

हिवाळ्यात एकदा स्वरूपाने त्यांना जेवायला बोलावलं होतं. थालीपीठं होती. क्वाकूने लसणाची चटणी दोनदा मागून घेतली. हृषिकेशने दोन बिअरनंतर डोळा मारून विचारलं की रविवारी गाडीत बसून काय चालतं दोघांचं. क्वाकूने थालीपीठ खाली ठेवलं आणि साधेपणाने सांगून टाकलं.

"मी बोलतो. कधी रडतो. पोलिसांनी रस्त्यात थांबवलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, राग नाही की भीती नाही. इथे आल्या आल्या मी ते शिकलो. वडिलांनी त्याआधीच शिकवलं होतं की पुरुषाने आपलं ओझं बायकोला दाखवू नये. मग तोच बंद चेहरा घेऊन मी घरी यायला लागलो. आता उघडायचा सराव करतोय."

असं कुणी बोललं तर काय करायचं हे हृषिकेशला ठाऊक नव्हतं. म्हणून तो हसला. पाहुणे वर गेल्यावर त्याने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला आणि वडिलांना सांगितलं की वरचा तो काळा पैलवान बायकोपुढे रडतो. स्टेअरिंग आणि घर एकाच्याच हातात असावं, ही प्रतापरावांची ठेवणीतली म्हण. ती त्यांनी पुन्हा ऐकवली आणि बापलेक खूप हसले. ते लोक असेच, असंही हृषिकेश म्हणाला. पुढे दोन महिन्यांनी रंगावरून आपल्याला नापास केलं म्हणून गळा काढणारा हाच माणूस. स्वरूपा भांडी विसळत होती आणि तीही थोडी हसली होती. ते आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिसरी परीक्षा झाली. हृषिकेश केक घेऊन घरी आला. पास झालो म्हणाला. सांगलीला फोन लागला. प्रतापराव म्हणाले, शेवटी रक्त कुणाचं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हृषिकेशने निधीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरवलं. मग केक कापता कापता सहज म्हणाला की कार्ड पोस्टाने येतं, तीनेक आठवडे लागतील, इथल्या सरकारी कामाचं काय सांगावं.

स्वरूपाच्या हातातला चमचा तसाच राहिला. कार्ड पोस्टाने कसं येईल? तिच्या तर हातावर ठेवलं होतं. तो अंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचं पाकीट उघडलं. सांगलीचं लायसन्स आपल्या जागी होतं. फोटोत विशीतला, जाड मिशांचा हृषिकेश होता. पास झाला असता तर हे लायसन्स परीक्षकाकडे गेलं असतं.

म्हणजे तो नापास झाला होता, आणि तिने ते ओळखलं होतं. पण कसं ओळखलं हे सांगायचं तर साबुदाण्याचा डबा उचलावा लागला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या घरात दोन मुठी झाकलेल्या होत्या आणि कार्ड होतं ते एकीतच.

वाट बघू, असं तिने ठरवलं. एवढं खोटं तो फार दिवस चालवणार नाही, असा तिचा अंदाज होता. हा अंदाज चुकला, कारण दहाव्या दिवशी त्याने गाडीच आणली. जुनी पण दणकट, मागे सामानाला भरपूर जागा असलेली. कंपनीतल्या मल्हारने ती दारापर्यंत चालवत आणून दिली. पाठ दुखत होती म्हणे हृषिकेशची. गाडी विकत घ्यायला आणि स्वतःच्या नावावर करायला इथे लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं. रोज संध्याकाळी तो खाली जाऊन गाडीत बसायचा, सीट मागेपुढे करायचा, आरसे पुसायचा. निधी शेजारी बसून हॉर्न वाजवायची. आणि शनिवारी आपण तिघं फ्रँकफुर्टला जाऊन आईबाबांना घेऊन येऊ, असं त्याने जाहीर केलं.

आता मात्र वाट बघणं स्वरूपाला परवडणारं नव्हतं. लायसन्सशिवाय गाडी चालवणं इथे नुसता दंड भरून सुटण्यासारखं नाही, तो गुन्हा आहे. त्यांचा कायमच्या वास्तव्याचा, त्या नीडरलासुंग्जएरलाउब्निसचा, अर्ज त्याच महिन्यात दाखल झालेला होता. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दोनशे किलोमीटर आउटोबानवर मागच्या सीटला निधी बसणार होती.

गुरुवारी ती वर गेली. क्वाकू कामावर होता. तिने अफियाला सगळं सांगितलं, पाकीट, साबुदाणा, केक. अफियाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने स्वतःची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी क्वाकूची गोदामातली नोकरी गेली. त्याने घरात सांगितलं नाही. पाच महिने तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा. एका सकाळी अफिया एका मुलीला गाडी शिकवत होती. एका बसस्टॉपवर डबा मांडीवर घेऊन क्वाकू बसलेला तिला दिसला. अकरा वाजले होते.

"मुलगी नीट चालवत होती," अफिया म्हणाली. "भर रस्त्यात ब्रेक मी मारला. मागचा ट्रक थोडक्यात चुकला."

तिने त्याला हॅनोव्हरला बहिणीकडे धाडून दिलं. चार महिने तो तिकडे होता. परत आला तो एकाच अटीवर, रविवारचा तास गाडीत.

गाडीतच का, असं स्वरूपाने विचारलं. अफिया हसली. घरात तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा, किंवा आवाज चढवायचा, आणि त्याचा आवाज चढला की खोली लहान व्हायची. गाडीत सगळ्यांनाच समोर बघून बोलावं लागतं. आणि ब्रेक तिच्याकडे असतो.

"त्याला अजून आवडत नाही. म्हणतो, बोलायचं मी आणि ब्रेक तुझ्या पायाखाली, हा कुठला न्याय. बरोबरच आहे त्याचं. पण लोकांना वाटतं, ब्रेक आपल्याकडे म्हणजे सत्ता आपली. अगं, बाजूला बसणाऱ्याचा पाय कायम हवेत असतो. माझा गुडघा गेलाय त्यात. मला तो पाय एकदा खाली टेकवायचाय, म्हणून बसते मी त्याच्याशेजारी."

हृषिकेशचं काय करू, असं स्वरूपाने विचारलं तेव्हा अफियाने खांदे उडवले. ते तुझं तू बघ, म्हणाली. फक्त मुलीला त्याच्या गाडीत बसू देऊ नकोस.

शुक्रवारी चहाच्या वेळी स्वरूपाने त्याला आयती वाट करून दिली. मला सांगायचं असं काही आहे का, काहीही असलं तरी चालेल, असं तिने अगदी मऊ आवाजात विचारलं. हृषिकेशने कप खाली ठेवला. तुझा माझ्यावर विश्वासच नाही, हे तो सुरुवातीलाच म्हणाला. मग आईबाबा येणार म्हणून तुला टेन्शन आलंय, मग बायका उगीच सगळं मनाला लावून घेतात, आणि शेवटी आपण या घरासाठी किती राबतो. खोटं तो बोलत होता आणि दहा मिनिटांत माफी मागायची वेळ तिच्यावर आली. पुरुषांना हे कोण शिकवतं कोण जाणे, पण शिकवणी उत्तम असते. स्वरूपाने माफी मागितली नाही आणि कप उचलून नेला.

शनिवारी सकाळी निधी मागे तिच्या सीटमध्ये बांधलेली होती. हृषिकेश स्टेअरिंगवर बसला होता, काळा चष्मा लावून. स्वरूपा खाली आली ती सरळ त्याच्या दारापाशी गेली आणि तिने दार उघडलं.

"उतर."

काय झालं, असं त्याने विचारलं. तिने कार्ड त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याने नाव वाचलं, फोटो बघितला, तारीख वाचली. ती त्याच्या दुसऱ्या परीक्षेच्या आधीची होती. स्वरूपा थांबून राहिली. तो विचारेल, कधी केलंस हे, का लपवलंस. चिडेल तरी. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बाबांना सांगू नकोस," हृषिकेश म्हणाला.

दहा वर्षांच्या संसारात स्वरूपाला त्याचा इतका तिटकारा कधी आला नव्हता. मी सांगणार नाही, तूच सांगायचंस, असं ती म्हणाली. फ्रँकफुर्टला पोचायला दोन तास आहेत, तोवर शब्द जुळव. तो उतरला आणि गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. आई चालवणार, असं निधीने मागून जर्मनमध्ये विचारलं, आणि खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

दोन तास त्याने शब्द जुळवले नाहीत. विमान कुठवर आलं ते फोनवर बघितलं, आणि उरलेला वेळ तिला सूचना दिल्या. डावी घे. आता नको. ट्रक आहे. तीनदा नापास झालेला माणूस पास झालेल्या बाईला गाडी शिकवत होता. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. विमानतळाच्या पार्किंगमध्ये शिरताना तो हळूच म्हणाला की आईबाबा बाहेर आले की गाडी दारापर्यंत तरी त्याला आणू दे, दोनच मिनिटं. स्वरूपाने किल्ली पर्समध्ये टाकली.

प्रतापराव आणि सासूबाई ट्रॉली ढकलत बाहेर आले. नमस्कार झाले, निधीला कुरवाळून झालं. गाडीपाशी आल्यावर प्रतापराव चाळीस वर्षांच्या सवयीने डावीकडे गेले. सांगलीत शिकवणारा डावीकडे बसतो. त्यांनी दार उघडलं आणि समोर स्टेअरिंग बघून ते थबकले.

"बाबा, ती माझी जागा आहे," स्वरूपा म्हणाली.

प्रतापरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. का रे, एवढंच त्यांनी विचारलं. आता तो बोलेल असं स्वरूपाला क्षणभर खरंच वाटलं, कारण तो वडिलांकडे पूर्ण वळला.

"काल जिन्यात पाय मुरगळला, बाबा. उजवा. ब्रेक दाबवत नाही."

अरेरे, असं म्हणत सासूबाईंनी पर्समधून बामची बाटली काढली. मागच्या सीटवर त्यांनी लेकाचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि डार्मश्टाट मागे पडेपर्यंत चोळला. गाडीत बामाचा वास भरला. निधीने चेहरा गंभीर करून विचारलं, "पापा, वो टुट्स वे?" या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं. त्याने घोटा दाखवला.

पुढे स्वरूपाच्या शेजारी बसलेले प्रतापराव प्रत्येक ट्रकला समोरच्या रिकाम्या जागेत पाय दाबत होते. तिथे ब्रेक नव्हता हे त्यांना माहीत होतं, पण पायाला माहीत नव्हतं. हाइलब्रॉननंतर त्यांनी पाय दाबायचं सोडलं. घराजवळचा चढ आला तेव्हा ते स्वरूपाला म्हणाले की तुझा हात बरा आहे, कुणी शिकवलं. वर राहणाऱ्या अफियाने, असं स्वरूपाने अदबीने सांगितलं. बरं बरं, म्हणाले, आणि मागे वळून मुलाला म्हणाले की पाय बरा झाला की ब्लॅक फॉरेस्टला तू ने आम्हाला.

दारात क्वाकू होता. झाडलोटीची पाटी त्या आठवड्यात त्यांच्या दारावर होती, त्याने पँट दुमडली होती आणि हातात पोछा होता. त्याने बादली बाजूला ठेवून दोन्ही बॅगा उचलल्या आणि सासूसासऱ्यांना आणि निधीला घेऊन वर गेला. प्रतापरावांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सांगलीत ज्याच्यावर पोट धरून हसले होते तो माणूस हाच, हे बॅगांच्या गडबडीत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"अहो, तुम्ही थांबा जरा," स्वरूपा म्हणाली. वरच्यांना ऐकू जाईल म्हणून तिने अहो म्हटलं. हृषिकेश पुढच्या सीटवर येऊन बसला. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. अफियाने सांगितलं होतं, की पहिला अर्धा तास नुसतंच बसायचं.

अर्धा तास लागला नाही. हृषिकेश एकदम बोलायला लागला, आणि तो आवाज तिने त्याआधी ऐकलेला नव्हता.

"अकरा वर्षांचा होतो. बाबा बाजूला बसायचे. मागे क्लासची मुलं. चूक झाली की मानेवर चापट, आणि मुलं हसायची. मग चूक व्हायच्या आधीच पाय लटपटायला लागायचा. अजून लटपटतो. परीक्षेत शिकवणारा बाजूला आणि परीक्षक मागे बसला की मी अकरा वर्षांचा होतो, स्वरूपा. तीनही वेळा."

त्याने चष्मा काढला. डोळे ओले होते. स्वरूपाचा हात गिअरवरून त्याच्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला, पण निघाला होता हे खरं. पाडव्याच्या आधीच पास झाले होते, असं तिने सांगितलं. का नाही बोललीस, असं त्याने अखेर विचारलं.

"तू मोडशील म्हणून."

"मोडलो असतो," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून तिने ऐकलेलं हे त्याचं सगळ्यात खरं वाक्य होतं. मग ती म्हणाली की वर जा, आणि बाबांना फक्त परीक्षेचं सांग, लहानपणचं राहू दे. एक वाक्य आहे, चहा व्हायच्या आत संपेल. मी तुझ्याबरोबर आहे. त्याने मान हलवली. सांगतो, म्हणाला. नाक पुसलं, चष्मा खिशात ठेवला, दार उघडून उतरला. त्याची पाठ सरळ होती. स्वरूपाच्या मनात आलं की उद्या रविवार आहे, उद्याही इथेच बसता येईल.

तो दोन पावलं गेला, ताठ, झपाझप. तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून प्रतापरावांची हाक आली.

"काय रे हृषी, पाय कसा आहे?"

तिसऱ्या पावलाला तो लंगडला. डाव्या पायाने.

क्वाकू एव्हाना खाली येऊन पायऱ्या पुसत होता. त्याने पहिली दोन पावलं पाहिली होती आणि तिसरंही पाहिलं. हृषिकेश जवळ आला तसा त्याने बादली पायाने बाजूला सरकवली आणि वाट करून दिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. अनोळखी माणसांसाठी ठेवलेला तो चेहरा स्वरूपा पहिल्यांदा बघत होती.

हृषिकेश कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेला. वरून सासूबाई सावकाश रे, सावकाश, असं म्हणत होत्या. स्वरूपा हात लांब करून पलीकडचं दार ओढायला वाकली. शेजारची सीट अजून गरम होती आणि तिला बामाचा वास येत होता. तिने दार लावून घेतलं. उद्या तिथे कुणालाही बसवायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं.